किलडॉनीचा शिळा पेपर

ज्या गावात काही घडत नाही, त्या गावात किस्से फार साठतात. मोठ्या शहरात रोज इतकं घडतं की कालचं आज कुणाला आठवत नाही. छोट्या गावात मात्र कुणाची टोपी वाऱ्याने उडून समुद्रात गेली, तरी ती तीन पिढ्या पुरते.

आमचं किलडॉनी तसलं गाव आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एडिनबरापासून ट्रेनने तासाभरावर. एक हाय स्ट्रीट, एक बंदर, एक चिप शॉप आणि एकमेकांशी अबोला धरून समोरासमोर उभी असलेली दोन चर्चेस. माझा नवरा हेमंत एडिनबराच्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरीला आहे. तो रोज जातो-येतो, मी घरून टेस्टिंगची कामं करते. आम्ही मूळचे तिकडचे, नागपूर-अमरावतीचे.

या गावाचा एक साप्ताहिक पेपर होता. आता बंद पडलाय. पण जुने अंक जाडजूड बाइंड करून लायब्ररीच्या मागच्या खोलीत ठेवलेत. दर बुधवारी सकाळी आम्ही चौघं तिथे बसून ते वाचतो आणि कुठे काय छापलंय त्याची सूची करतो. उद्या कुणी कॅनडातून आपला खापरपणजोबा शोधत आला, तर त्याला तो सापडायला हवा ना! शिवाय दर आठवड्याला एक गमतीची बातमी निवडून तिची मोठी कॉपी लायब्ररीच्या काचेवर, रस्त्याकडे तोंड करून लावतो. गाव थांबून वाचतं. बिन डे, म्हणजे कचरा उचलायचा वार, त्यापेक्षाही जास्त चर्चा तिचीच.

चौघं म्हणजे एक मी. दुसऱ्या मोयरा, गावच्या शाळेच्या रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. लग्न केलं नाही, पाठ कधी वाकवली नाही. निम्मं गाव अजून त्यांना बघून खिशातून हात बाहेर काढतं. इथे सगळ्यांना नावानेच हाक मारायची पद्धत, पण माझ्या जिभेला ते जमत नाही. तोंडावर मोयरा, मनात मोयराबाई. तिसरा सँडी, रिटायर्ड प्लंबर. गावातले सगळे पाईप आणि सगळ्यांची भांडणं त्याला ठाऊक. आणि चौथ्या इसोबेल आजी. नव्वदी गाठलेली. कोण कुणाचं कोण लागतं, हे त्यांना विचारायचं. गूगलला नाही.

मी यात कशी सापडले? लायब्ररीत कचऱ्याच्या वारांचं कॅलेंडर मागायला गेले होते. मोयराबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बारीक अक्षर वाचता येतं?"

"येतं."

"बुधवारी काय करतेस?"

"बुधवारी मला सुट्टी असते."

"असायची," मोयराबाई म्हणाल्या.

* * *

पहिल्याच महिन्यात मी एक दणदणीत शोध लावला. किलडॉनी हे एकेकाळी महाभयंकर हिंसक गाव होतं!

पानापानावर पुरावे. "शाळेच्या अंगणात दोन मुलांची पीसवरून मारामारी." "मजूर आपला पीस घरी विसरला, बायको मागे धावत गेली." "चर्चच्या सहलीत प्रत्येक मुलाला एकेक पीस वाटण्यात आला." चर्चच्या सहलीत! पीस म्हणजे बंदूक, एवढं क्राइम सीरियल्स बघून मला पक्कं माहीत होतं. मी सूचीत "शस्त्रास्त्रं" असा नवा विभाग उघडला आणि तो भराभर फुगू लागला.

एका बुधवारी सँडीने माझं काम चाळायला घेतलं. चाळता चाळता तो थांबला.

"वैशाली, ही शस्त्रास्त्रं कुठून आली?"

मी अभिमानाने सगळं दाखवलं. सँडीने शांतपणे पेन खाली ठेवलं.

"आमच्याकडे पीस म्हणजे सँडविच."

मी लाल झाले. मोयराबाई खिडकीबाहेर बघू लागल्या, त्यांचे खांदे हलत होते. माझी बाजू सावरायला इसोबेल आजींनी माझ्या सूचीतली पुढची नोंद मोठ्याने वाचली. "स्टेशनमास्तरच्या बायकोने केलेले पीस खाल्ल्याने अख्खा बँड आजारी."

"हे मात्र," सँडी म्हणाला, "शस्त्रास्त्रांतच राहू दे."

* * *

कोर्टाचा कॉलम हा आमच्या सगळ्यांचा लाडका.

विली नावाच्या एका शेतकऱ्यावर खटला भरला होता. आरोप असा, की नशेत असताना तो गाय घेऊन सार्वजनिक रस्त्यावरून जात होता. हसू नका, इथे हा खरोखरचा गुन्हा आहे! पेपरने सवाल-जवाब शब्दन् शब्द छापले होते.

"तुम्ही प्यायला होतात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो साहेब."

"गाय तुमच्या ताब्यात होती?"

"साहेब, मी नुसती दोरी धरली होती. रस्ता तिने काढला."

"मग गायीची जबाबदारी कुणाची?"

"साहेब, त्या दिवशी माझीच जबाबदारी गायीवर होती."

विलीला दंड झाला. गाय निर्दोष सुटली.

ही बातमी काचेवर लावली आणि दोन दिवसांनी आमची शेजारीण फियोना मला हाय स्ट्रीटवर दिसली. फुटबॉलची मॅच नुकती संपली होती. तिचा नवरा तिच्या खांद्यावर एक हात टाकून, डोळे मिटून, गाणं म्हणत चालला होता. मला बघून फियोनाने मान हलवली.

"काही नाही गं," ती म्हणाली. "आज मी गाय."

* * *

सँडीच्या घरी फायरप्लेसवर चांदीचा एक कप आहे. त्याच्या आजोबांनी भाज्यांच्या प्रदर्शनात लीकसाठी जिंकलेला. लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा तालमीत गेलेला भाऊ. इकडच्या गावांत लीकवरून लोक वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. सँडीने त्या कपाची गोष्ट आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की माझ्या स्वप्नात त्याचे आजोबा यायचे. हातात लीक.

तर ते वर्ष वाचायला आलं. सँडीने हात धुतले. खरंच, धुऊन आला! खुर्ची पुढे ओढली आणि मोठ्याने वाचायला लागला.

"लीक विभागात पहिलं बक्षीस..." आजोबांचं नाव आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"...यांना देण्यात आलं. या विभागात ही एकच प्रवेशिका होती."

टाळ्या थांबल्या. सँडीचा आवाज बारीक झाला, पण गडी प्रामाणिक. वाचत राहिला.

"दुसरे स्पर्धक, पोस्टमास्तर, यांचे लीक प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी एका मोकाट बोकडाने मुळासकट खाल्ले. हे लीक आजवरचे सर्वांत मोठे होते, असे पाहणाऱ्यांचे म्हणणे आहे."

"अरेरे," मी म्हटलं. "नशीब बिचाऱ्याचं."

इसोबेल आजींनी हात पुढे करून तो खंड आपल्याकडे ओढला, चष्मा पुसला आणि पुढची ओळ वाचली.

"सदर बोकड पहिल्या बक्षिसाच्या मानकऱ्यांच्या मालकीचा असल्याचे समजते."

आता मात्र कुणालाच कुठे बघावं कळेना. सँडीचा चेहरा खरंच उतरला होता. या कपावर पॉलिश करतच तो लहानाचा मोठा झाला होता. पोस्टमास्तरांचा पणतू आजही गावात आहे, हार्डवेअरचं दुकान चालवतो. सँडी रोज तिथे जातो.

मोयराबाईंनी हळूच विचारलं, "काय करणार आहेस, सँडी?"



"बोकड हयात नाही," तो शेवटी म्हणाला. "त्याची बाजू ऐकल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

पण पुढच्या शनिवारी तो कप घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि सगळं सांगून आला. आता कप सहा महिने इथे, सहा महिने तिथे असतो. पॉलिश मात्र सँडीच करतो. त्या पणतूला जमत नाही म्हणे.

* * *

हा किस्सा छोटासाच.

एका अंकातलं शुद्धिपत्र: "गेल्या आठवड्यात आम्ही असे छापले होते, की चर्चच्या कार्यक्रमात बेकरबाईंनी शेवटी एक उंच सूर लावून श्रोत्यांना थक्क केले. बेकरबाई कळवतात, की त्या गात नव्हत्या. त्यांची बोटे पियानोच्या झाकणात अडकली होती. श्रोत्यांनी वन्स मोअर दिल्याबद्दल त्यांना अद्याप वाईट वाटते."

* * *

आता एवढ्या जुन्या पेपरात आपला कुणी माणूस भेटावा, असं मला फार वाटायचं. आणि एके दिवशी भेटला!

"हिंदुस्थानचे राजकुमार किलडॉनीत." मी खुर्चीतून उठलेच. राजकुमार फेटा बांधून आले होते. ते मैदानावर जादूचे प्रयोग करणार होते, तिकीट लावून. मी वाचतेय आणि सगळे माझ्याकडे असे बघतायत, जसं काही माझा चुलतभाऊच सापडला. इसोबेल आजी तर म्हणाल्या, "नीट बघ, नाक तुझ्यासारखं असेल."

राजकुमारांनी आपल्या मातृभाषेत मंत्र म्हटले, असं पेपरात होतं. मंत्र छापलेही होते. मी ते मराठीत, हिंदीत, शाळेत शिकलेल्या संस्कृतमध्ये, सगळ्यांत बसवून बघितले. हेमंतला फोन लावून तेलुगू येणाऱ्या त्याच्या मित्राकडून बघून घेतले. कशातच बसेनात.

"कुठली भाषा असेल?" मोयराबाईंनी विचारलं.

"पुढे वाच की," सँडी म्हणाला.

पुढे वाचलं. "प्रयोग ऐन रंगात आला असताना पावसाची जोरदार सर आली. राजकुमारांच्या चेहऱ्याचा रंग उतरू लागला. पूर्ण भिजल्यावर पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या आईने त्यांना ओळखले."

* * *

आमची लायब्ररी गावच्या जुन्या टाऊन हॉलमध्ये आहे. पाऊस आला की मागच्या खोलीत एका कोपऱ्यात गळतं, म्हणून तिथे बादली ठेवलेली असते. बादलीची आम्हाला इतकी सवय, की तिला वळसा घालून चालतो.

एका बुधवारी कौन्सिलकडून एक साहेब आले. तरुण, गोड बोलणारे, गळ्यात आयकार्ड. म्हणाले, या खोलीचं "वेलबीइंग हब" करायचंय, हे खंड दूर कुठल्याशा गोडाऊनमध्ये हलवू. तिथे सुरक्षित राहतील. बघायला मिळणार नाहीत, पण सुरक्षित राहतील!

या परक्या गावात कुणी मला ओळखून हाक मारायला लागलं ते याच खोलीमुळे. सँडीचे कान तापले होते. इसोबेल आजींनी समोरचा खंड दोन्ही हातांनी धरून ठेवला, लहान मूल उचलून नेणार असल्यासारखा.

"खरं सांगायचं तर," साहेब म्हणाले, "हे आता कुणाच्या कामाचं आहे?"

मोयराबाई उठल्या, कपाटातून एक फार जुना खंड काढला, पान उघडलं आणि साहेबांपुढे ठेवला. "वाचा. मोठ्याने."

माणूस याच गावचा, त्यांच्याच शाळेतला! खिशातून हात निघाले. साहेब वाचू लागले. "टाऊन हॉलच्या छपराच्या गळतीबाबत कौन्सिलमध्ये चर्चा झाली. हिवाळ्यापूर्वी दुरुस्ती करण्याचे एकमताने ठरले. तोवर तात्पुरती सोय म्हणून कोपऱ्यात एक बादली ठेवण्यात आली आहे."

साहेबांनी मान वर केली. बाहेर पाऊस होता. कोपऱ्यातून आवाज आला. टप्प.

"पुढच्या आठवड्यात काचेवर काय लावायचं," मोयराबाई म्हणाल्या, "ते आम्ही अजून ठरवलेलं नाही."

साहेबांनी बादलीकडे बघितलं. काचेकडे बघितलं. मग आयकार्ड नीट केलं.

"हब दुसरीकडेही करता येईल," ते म्हणाले.

* * *

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई अमरावतीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. दिवसभर घरात करणार काय! मी त्यांना बुधवारी सोबत न्यायला लागले. आईंचं इंग्रजी हळू, पण पक्कं. त्यांनी वाचकांच्या पत्रांचा कॉलम धरला आणि तो काही सोडेनात.

त्यात एक भांडण चालू होतं. एका बाजूला रीड नावाचे बोटीवरचे निवृत्त कॅप्टन, दुसऱ्या बाजूला त्यांच्या शेजारीण मिस ग्रे. कारण, कॅप्टनचा कोंबडा. तो पहाटेच आरवतो, अशी मिस ग्रेंची तक्रार. कोंबड्याने मग दुपारी आरवावं काय, असं कॅप्टनचं पत्र. कोंबडा मालकासारखाच उद्धट आहे, असं मिस ग्रेंचं उत्तर. कोंबडा निदान दिवसातून एकदाच ओरडतो, बाई तर दिवसभर, असं कॅप्टनचं. दर शुक्रवारी एक तरी पत्र. वर्षानुवर्षं!

आईंना मालिकाच मिळाली. घरी येऊन फोनवर अमरावतीला आपल्या बहिणीला सांगायच्या, "आज कॅप्टन लईच बोलला वो. पण ती बी काही कमी नाही." बहीण तिकडून विचारायची, "मंग कोंबडं कापलं का नाही?"

आईंचं परतीचं तिकीट आलं. शेवटचा बुधवार. आईंनी मिस ग्रेंचं एक जळजळीत पत्र वाचलं, "आता हा प्रश्न कायमचा निकाली निघेल" असं शेवटी लिहिलेलं, आणि पुढचा खंड मागितला.

पुढचा खंड वाचण्याजोगा नव्हता. बादलीच्या कोपऱ्यात ठेवला होता, भिजून लगदा झालेला.

"बाप्पा!" आई मटकन बसल्या. "आता मी कशी जाऊ? काय झालं त्या कोंबड्याचं?"

मी इंग्रजीत सगळं समजावलं. सँडीने टोपी काढली. कुणी गेल्यावर काढतात तशी. तेवढ्यात इसोबेल आजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"मिस ग्रे माझ्या आईची मावशी," त्या म्हणाल्या.

आई त्यांच्याकडे वळल्या. "मग इतके दिवस काहून नाही सांगितलं?"

मी भाषांतर केलं. इसोबेल आजी म्हणाल्या, "तुम्ही इतकं मन लावून वाचत होता. मध्येच शेवट सांगू नये."

मग त्यांनी सांगितलं. कॅप्टन अचानक गेले. मृत्युपत्रात घर भावाला दिलं आणि कोंबडा मिस ग्रेंना.

"मग?" आईंनी पदर आवळला. "कापला?"

"छे. पाळला. म्हातारा होऊन मेला. त्या आठवड्यात तिने पेपरला पत्र लिहिलं. माझी आई ते तोंडपाठ म्हणायची. 'संपादक महाशय, आमच्या गल्लीत हल्ली पहाटे फार शांतता असते. याबाबत तक्रार कुणाकडे करावी?'"

जाताना आईंनी इसोबेल आजींच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. इसोबेल आजींना ते काय ते कळलं नाही, पण आवडलं.

अमरावतीला पोचल्यावर आईंचा फोन आला. मागे कानठळ्या बसतील असा आवाज.

"शेजारच्या देशमुखांकडे बारसं आहे, डीजे लावलाय," आई ओरडून म्हणाल्या. "वाजू दे बाई. आहेत तोवर वाजू दे."

* * *

आणि आता हा.

मोयराबाईंचा एक नियम होता. जुने खंड आधी, अलीकडचे सगळ्यांत शेवटी. "त्यात काही नाही," म्हणायच्या. आम्हीही कधी हात लावला नाही. पण मध्यंतरी त्या आपल्या भाचीकडे लेस्टरला गेल्या, आणि त्याच आठवड्यात सँडीला उगाच एक अलीकडचा खंड उघडायची हुक्की आली.

छोट्या जाहिरातींमध्ये, गावच्या जत्रेच्या आठवड्यात, दोनच ओळी होत्या. "एम. — या वर्षी? — जे."

पुढच्या आठवड्याच्या अंकात: "जे. — नाही. — एम."

सँडीने पुढच्या वर्षीचा खंड काढला. जत्रेचा आठवडा. "एम. — या वर्षी? — जे." नंतर: "जे. — नाही. — एम." मग त्याच्या पुढचं वर्ष. मग त्याच्याही पुढचं. आम्ही खंडावर खंड उघडत गेलो. टेबलावर जागा उरली नाही. दर जत्रेला एक प्रश्न, दर जत्रेनंतर एक नाही! एकदा नुसतं नाहीच्या जागी आलं, "नाही. पण छत्रीबद्दल आभार." एका वर्षी, "आई आजारी आहे. नाही." शेवटी शेवटी, "नाही. तब्येतीला जप." आणि मग पेपरच बंद पडला.

"कोण असेल गं ही एम?" मी विचारलं. सँडी बोटं मोजायला लागला. मेरी, मार्गारेट, मॉरीन, चिप शॉपवाली मॅगी... इसोबेल आजी कपातल्या चहाकडे बघत होत्या.

"गावात एम पुष्कळ आहेत," एवढंच म्हणाल्या.

सँडीने सगळ्या जाहिरातींच्या कॉपीज काढल्या आणि एकाखाली एक अशा काचेवर लावल्या. वर मोठ्या अक्षरांत: "तुम्हाला माहीत आहे का?" गावाने गर्दी केली. पैजा लागल्या.

पुढच्या बुधवारी मोयराबाई परत आल्या. बाहेर काचेपुढे थांबलेल्या मला दिसल्या. आत आल्या, कोट काढला, जागेवर बसल्या, पेन्सिलला टोक करायला लागल्या.

मी आपली भाबडेपणाने विचारते, "मोयरा, हे सूचीत कशाखाली टाकू?"

"मिसलेनियस," मोयराबाई म्हणाल्या. "एमनेच सुरू होतं."

आणि चहा करायला उठल्या.

त्या किटलीपाशी आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, तेव्हा दार उघडलं. एक उंच म्हातारे गृहस्थ आत आले. हातात काठी, बाहीवर पावसाचे थेंब. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"ये, जॉक," इसोबेल आजी म्हणाल्या.

त्यांनी आजींना मान लवून अभिवादन केलं. मग आमच्याकडे बघून विचारलं, "ते काचेवर कुणी लावलंय?"

सँडी गुन्हेगारासारखा उभा राहिला. "मी."

"थँक यू," ते म्हणाले. "पेपर बंद झाल्यापासून कुठे विचारायचं, तेच मला कळत नव्हतं."

किटली उकळून बंद झाली. मोयराबाई वळल्या नाहीत. आयुष्यभर वर्गाकडे पाठ असताना मागे कोण काय करतंय ते ओळखणारी बाई. तशीच उभी. सँडीचं तोंड उघडं पडलं. माझ्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळत गेलं आणि कुणी उचललं नाही.

"दूध?" मोयराबाईंनी विचारलं.

"थोडंसं," ते म्हणाले.

इसोबेल आजींनी आपली काठी आपटली. "सँडी, वैशाली, उठा. आज लायब्ररी लवकर बंद होतेय."

आम्ही नुकतीच तर ती उघडली होती.

पुढच्या बुधवारी मी जरा लवकरच गेले. काचेवरच्या सगळ्या कॉपीज काढून टाकलेल्या होत्या. त्यांच्या जागी एकच छोटं कार्ड होतं, फळ्यावर लिहितात तशा सरळ, गोल, हेडमिस्ट्रेसच्या अक्षरातलं.

"जे. — विचार चालू आहे. — एम."